शालीची किनार

धाकट्याने कागद आणला तेव्हा मास्तरीण अतिदक्षता विभागासमोरच्या बाकावर बसून दाराच्या गोल काचेकडे बघत होती. काचेतून दिसत काहीच नव्हतं. आतून कुणीतरी हिरवा पडदा ओढून घेतला होता, आणि त्याची खालची दुमड एका बाजूला बोटभर जास्त होती. एवढ्या मोठ्या इस्पितळाला सरळ टीप मारणारा एक शिंपी मिळू नये, असं तिच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच लाज वाटली. आत थोरला श्वासासाठी झगडत होता आणि ही बाहेर पडद्याची दुमड मोजत बसली होती.

शाळेचं तोंड तिने दुसरीपर्यंतच पाहिलं होतं. पण चाळीस वर्षं कापड बेतून तीन लेकरं मार्गी लावणाऱ्या बाईला मास्तरीण नाही तर काय म्हणणार? कारागीर म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, थोरली सून पाठीमागे म्हणे. मास्तरणीला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"सही कर," धाकटा म्हणाला. "तुझी पहिली. मग वहिनीची, मग माझी."

धाकटा वकिलाकडे कारकून होता. घरात दूध नासलं तरी त्याच्या खिशातून कागद निघे.

"आधी वाच काय लिहिलंयस ते."

त्याने घसा खाकरला. "'ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून या इस्पितळात नेहमी पोटात इंजेक्शन देतात. ते न देता आमच्या रुग्णावर एका नव्या गोळीचा प्रयोग करण्यात आला. अकरा दिवस गोळी नियमित घेऊनही आज सकाळी त्याच्या पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली. तरी सदर प्रयोग तात्काळ थांबवावा, आणि तो चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर...'"

"डॉक्टरीणबाई," मास्तरीण म्हणाली. "बहीण आहे ती तुझी."

"कागदात बहीण लिहीत नसतात."

"दुधात पाणी घालावं तसं बोलायला कुठे शिकलास रे?"

 मास्तरणीने कागद मांडीवर घेतला. अक्षर लावून लावून वाचायची तिला सवय होती. बोट एकेका शब्दावरून सरकत एका ठिकाणी थांबलं. 'नियमित घेऊनही.' दुसऱ्या हाताची बोटं शालीखाली आपसूक किनारीकडे गेली. तिथे दहा बारीक गाठी हाताला लागत होत्या, एकसारख्या अंतरावर, मण्यांसारख्या. अकरावी अजून रुमालात होती. ती शिवायला सवड मिळाली नव्हती. सव्वानऊला थोरल्याने छातीवर हात दाबला आणि सगळीकडे पळापळ झाली.

अकरा दिवस तिने पोराला गोळी लागू दिली नव्हती.

दुकानाच्या माळ्यावरून तागा काढताना थोरला शिडीसकट पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला सिस्टर एका छोट्या वाटीत फिकट पिवळी गोळी घेऊन यायची. नियम असा होता की रुग्णाने ती सिस्टरच्या डोळ्यांदेखत गिळायची. पण मास्तरीण म्हणाली, "ठेवा इथे, चहा झाला की देते मी," आणि सिस्टर हसून म्हणाली, "मॅडमच्या आईच आहात, मग काय." तिने तक्त्यावर 'दिली' असं लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. मास्तरणीने गोळी मुठीत घेतली आणि थोरल्याच्या जिभेवर पेपरमिंटची गोळी ठेवली. दुपारी तो झोपला की ती सुई काढायची आणि शालीच्या किनारीत एक कप्पा करून गोळी आत शिवून टाकायची. फेकणं तिला जमत नसे. चिंधीसुद्धा तिने कधी फेकली नव्हती. शिवाय केराच्या डब्यातली गोळी कुणाच्याही नजरेला पडली असती. शालीच्या किनारीत कोण बघतंय?

हे तिने का केलं, ते घरात कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मोरी कुणी धुतली होती तेव्हा? आठ वर्षांपूर्वी तिच्या घरधन्याचा पाय सुजला, डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली आणि अठराव्या दिवशी पहाटे ते मोरीत रक्त ओकले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. त्या दिवशी मास्तरणीने ठरवलं की माणसाच्या रक्ताचं पाणी करणारं औषध आपल्या घरातल्या कुणाच्या पोटात जाणार नाही. लेक म्हणाली, ही नवी गोळी आहे, वेगळी आहे, सहाशे माणसांवर बघतोय आम्ही. मास्तरणीने मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

"आई, कागद चुरगळतोय तुमच्या मुठीत," थोरली सून म्हणाली.

ती शेजारच्या बाकावर ताठ बसली होती. शाळेत गणित शिकवायची आणि घरातही चूक दिसली की लाल पेन शोधायची. आज तिचे डोळेच लाल होते.

"मी विचारलं होतं तिला," ती म्हणाली. "दोनदा विचारलं. म्हटलं, यांना नेहमीचं इंजेक्शनच दे. तर म्हणते, 'वहिनी, कुणाला गोळी, कुणाला इंजेक्शन, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. माझ्याही हातात नाही.' सख्खा भाऊ संगणकाच्या हवाली केला."

"थोरल्याने स्वतः सही केली त्या फॉर्मवर."

"बहिणीचं मन मोडू नये म्हणून केली. त्यांना कुणाचं मन मोडता येतं का, आई? तुमचं कधी मोडलंय त्यांनी?"

 एरवी सुनेला मास्तरणीने असं सुटू दिलं नसतं.

दार उघडलं आणि लेक बाहेर आली. अंगाने काडीसारखी होती, म्हणून लहानपणापासून घरात तिला बारकी म्हणत. तिच्या मागून मोठे डॉक्टर आले. उंच, किंचित वाकलेले. ते लहान मुलांशी बोलावं तसं सावकाश बोलत, आणि मास्तरणीला ते पहिल्या दिवसापासून आवडत नसत.

"हे बघा," ते म्हणाले, "पायात झालेली गुठळी सुटली आणि फुफ्फुसाच्या नळीत जाऊन अडकली. रक्तदाब अजून टिकून आहे, पण ऑक्सिजन वाढवत न्यावा लागतोय. रक्त आणखी गोठू न देणारं औषध शिरेतून पूर्ण मात्रेत सुरू करायचंय मला."

"मग करा ना," सून म्हणाली.

"सकाळी आठला गोळी पोटात गेलीय. तीही त्याच कामाची. ऑपरेशनला बाराच दिवस झालेत, मांडीतली जखम अजून थोडी झिरपते आहे. दोन औषधं एकावर एक चढली तर आत रक्त सुटायची भीती आहे. गोळीचा किती अंश रक्तात आहे ते बघायला नमुना पाठवलाय. उत्तर यायला दोन तास लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं. थांबणं मलाही नकोसं आहे." त्यांनी बारकीकडे पाहिलं. "तक्त्यात अकराच्या अकरा गोळ्या आहेत?"

"अकराच्या अकरा," बारकी म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, आजची नक्की किती वाजता घेतली त्याने? तुझ्या समोरच घेतली ना?"

सगळे मास्तरणीकडे बघत होते. सून बघत होती, धाकटा बघत होता. मोठे डॉक्टर तर जरा खाली वाकून बघत होते. आयुष्यात माप चुकलं तरी तिने कधी गिऱ्हाइकापुढे चुकलं म्हटलं नव्हतं. कापडच आटलं म्हणून सांगितलं होतं.

"आठ वाजता," ती म्हणाली. "घेतली."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले.

बारकी जायला वळली, तेवढ्यात धाकट्याने कागद फडकवला. "जाण्याआधी हे ऐकून जा. तोंडावर सांगितलेलं बरं."

तिने उभ्या उभ्या कागद वाचला. चेहरा हलला नाही, फक्त कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. लहानपणी शेपटावर कुणी पाय दिला की अशीच व्हायची.

"दुपारी तीनला या गोळीच्या अभ्यासावर नजर ठेवणारी समिती बसतेय," ती म्हणाली. "या महिन्यात गुठळी झालेला हा दुसरा रुग्ण. तुझा कागद नसला तरी अभ्यास थांबवतील ते. नोंद अशी आहे की गोळी घेतली आणि गुठळी झाली. म्हणजे गोळी नापास."

"नापासच आहे."

"अरे, पोटात टोचायचं इंजेक्शन घरी गेल्यावर निम्मी माणसं बंद करतात. टोचून घ्यायचा कंटाळा, भीती, काहीही. मग पंधरा दिवसांनी इथेच येतात, उताणी. म्हणून गोळी हवी होती मला. सहा वर्षं घातलीत मी यात."

"आणि माझा नवरा घातलास," सून म्हणाली.

 बारकी हळूच म्हणाली, "वहिनी, मला वाटलं होतं ती चालते. मी स्वतः घेतली असती. अजूनही मला कळत नाहीये काय चुकलं. अकरा गोळ्या घेतल्यावर पोटरीत एवढी मोठी गुठळी व्हायला नको होती. हिशेब बसतच नाहीये."

पोटरी. परवा अंग पुसताना मास्तरणीचा हात तिथे लागला होता. नुकत्याच खाली ठेवलेल्या इस्त्रीसारखी गरम होती ती पोटरी, आणि ताठ. कुणाला सांगितलं तर पुढचा प्रश्न गोळीचा येणार, म्हणून तिने पांघरूण सारखं केलं होतं.

"एक जण आत येऊ शकता," सिस्टर दारातून म्हणाली. "दोनच मिनिटं. आईंना बोलावतायत ते."

सून उठली होती, ती परत खाली बसली. बारा वर्षांच्या संसारात हे तिला नवीन नव्हतं.

आत थोरला उशांच्या चळतीला टेकून बसला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, बोटाला चिमटा, ओठ निळसर. उजव्या अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा मात्र नेहमीसारखाच होता. दुकानात कापायचं काम तोच करायचा.

त्याने मुखवटा जरा उचलला. "बाहेर भांडतायत?"

"छे. कोण भांडतंय?"

"खोटं... तुला नीट जमत नाही." तो थांबला, दोन-तीन श्वास ओढले. "आई, औषधाची गोळी... पेपरमिंटसारखी लागत नसते."

मास्तरणीने वळून दाराकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली.

त्याला हसू आलं असावं. मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली. "तुला... बरं वाटत होतं. बाबांच्या नंतर... पहिल्यांदा तुला झोप लागत होती. खुर्चीत घोरायचीस." पुन्हा श्वास. "आता बोलू नकोस कुणाला. बारकी निभावून नेईल. शिकलेली आहे ती. तुला... वहिनी सोडणार नाही."

वहिनी म्हणजे त्याची बायको. धाकट्यांच्या तोंडचं नाव त्याच्याही तोंडी बसलं होतं. स्वतःच्या माणसालाही तो दुसऱ्याच्या नात्याने हाक मारायचा. मास्तरीण त्याच्याकडे बघत राहिली. हा पोरगा मरेल, आणि मरताना आईची चूक पाठीखाली दाबून मरेल, आणि बहिणीला उघड्यावर टाकेल. हे सगळं आपणच शिकवलंय त्याला. आई म्हणेल ते. आई म्हणेल तसं.

तिने मुखवटा त्याच्या तोंडावर नीट बसवला आणि मागची दोरी ओढली. "तोंड बंद ठेव. आयुष्यभर ठेवलंस, ते आज नडलं."

ती बाहेर आली तेव्हा धाकटा पेन उघडून उभा होता. बारकी भिंतीला टेकली होती, सून तिच्याकडे पाठ करून बसली होती. मोठे डॉक्टर आतल्या टेबलावरून फोनवर कुणाला तरी नमुन्याचं विचारत होते. त्यांचा आवाज आता सावकाश नव्हता.

"आई, सही."

मास्तरीण बाकावर बसली. शाल खांद्यावरून ओढून तिने मांडीवर पसरली आणि पिशवीतून दोरा कापायची चिमुकली कात्री काढली. "सिस्टर, ती तुमची गोळीची वाटी द्या जरा."

सिस्टरने गोंधळून वाटी दिली. मास्तरणीने किनारीच्या टोकाशी कात्री लावली, एक टाका उचलला, कापला. बोटाने दाबलं तशी एक फिकट पिवळी गोळी बाहेर आली आणि वाटीत टिक् करून पडली. मग दुसरा कप्पा.

"आई, हे काय करताय?" सून म्हणाली.

तिसरी पडली तेव्हा बारकी भिंतीपासून सुटली. चौथी, पाचवी.  मास्तरीण घाई करत नव्हती, पण थांबतही नव्हती. टाके पक्के होते. तिचेच होते. दहावी पडल्यावर तिने कमरेचा रुमाल सोडला.

"आणि ही आजची," ती म्हणाली. "सही करते मी. पण कागद बदल. असं लिही, की नियमित घेतली नाही. घेऊ दिली नाही. आईने."

"एकही नाही?" बारकीचा आवाज फाटला.

"एकही नाही. पेपरमिंट दिलं मी त्याला. आठ वाजता घेतली म्हणाले ते खोटं. उभं राहू नकोस, जा, सांग त्या उंटाला."

पण मोठे डॉक्टर दारातच उभे होते आणि त्यांनी ऐकलं होतं. "म्हणजे रक्तात काहीच नाही," ते म्हणाले, आणि वळता वळताच आत ओरडले, "ड्रिप लावा. पूर्ण मात्रा. नमुन्याची वाट बघू नका." दार झुलत राहिलं.

सून उठून मास्तरणीसमोर येऊन उभी राहिली. मारेल असं वाटलं. मास्तरणीने मान खाली घातली नाही.

"अकरा दिवस," सून म्हणाली. "अकरा दिवस मी समोरच्या स्टुलावर बसून तुमच्याशी शिलाईच्या गप्पा मारत होते. आणि तुम्ही शिवत होता."

"हो."

"मला वाटलं, शाल दुरुस्त करताय. मी म्हटलंसुद्धा, किती बारीक टाके आहेत."

"म्हणालीस खरी."

 सून वळली, बारकीजवळ गेली आणि तिच्या पांढऱ्या कोटाची बाही तिने मुठीत धरली. मिठी नाही, काही नाही, नुसती बाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

धाकट्याने मात्र कागदाची घडी घालून खिशात टाकली होती. "आई, तू आता काही लेखी देऊ नकोस," तो पुटपुटला. "नियम असा आहे की सिस्टरने समोर उभं राहून गोळी द्यायची. तिने तुझ्या हातात दिली. चूक तिची ठरते."

मास्तरणीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला. "त्या पोरीचं नाव तुझ्या कागदात आलं, तर दुकानाच्या पायरीवर पाय ठेवू देणार नाही. समजलास? मगाशी बहिणीला डॉक्टरीणबाई करत होतास. आता आईला साळसूद करू नकोस."

अर्ध्या तासाने बारकी तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि हात धुवायचं भांडं होतं. बारकीने हातमोजे घातले, गोळ्या एकेक करून मोजल्या, एका पाकिटात भरल्या आणि वर क्रमांक टाकला. मग फॉर्म पुढे ओढला.

"हे मला विचारावंच लागेल," ती म्हणाली. "रुग्णाशी नातं?"

"तुला माहीत नाही?"

"नातं?"

"आई."

"किती मात्रा चुकल्या?"

"अकरा."

"कारण?"

 बारकीने पेन उचललं नाही, वाट बघत राहिली.

"लिही," मास्तरीण शेवटी म्हणाली, "की बाईला वाटलं, तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. नवऱ्याचं रक्त मोरीतून पुसलं होतं, म्हणून भीती होती. पण भीती खाली लिही. आधीचं आधी लिही."

बारकीने तसंच लिहिलं. अक्षर मोठं, सरळ, मास्तरणीला वाचता येईल असं.

"पुढचा प्रश्न. रुग्णाला बाहेरून आणखी कुठलं औषध दिलं का? दुखण्याची गोळी? गुडघ्याची, पाठीची, कुठलीही?"

"नाही. पेपरमिंट फक्त. हे कशाला विचारतेस?"

"प्रत्येकाला विचारतो. हा प्रश्न मी घातलाय फॉर्ममध्ये."

"का?"

बारकी फॉर्मकडे बघत बोलली. "रक्त पातळ करायच्या औषधाबरोबर दुखण्याची गोळी रोज घेतली, तर पोटात जखम होऊन रक्त वाहू शकतं. बाबांच्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं."

मास्तरणीच्या डोळ्यांपुढे दुकानातला खण आला. बॉबिनच्या डब्याखाली गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं. घरधनी दिवसभर मशीन मारायचे, गुडघे धरायचे, कुरकुरायचे. एक सकाळी, एक संध्याकाळी. पाण्याचा पेला तीच पुढे करायची. त्या अठरा दिवसांतही केला होता. जास्तच केला होता, कारण पाय सुजला म्हणून गुडघाही ठणकत होता.

खोलीत नळ ठिबकत होता. मास्तरीण उठली आणि तो तिने घट्ट पिळला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तेव्हापासूनच. रिकामी पाकिटं मीच काढली होती खणातून."

"आठ वर्षं बोलली नाहीस."

"सांगून काय झालं असतं? बाबा परत येणार होते?" बारकीने पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तुला सांगायचं नव्हतं, म्हणून हा प्रश्न लिहिला. आजवर तीनशे बारा जणांना विचारलाय. एकोणीस जण सापडले, चोरून दुखण्याची गोळी घेणारे. वेळेवर थांबवता आलं."

मास्तरीण हिशेबात कच्ची नव्हती. एकोणीस घरं. तिने ती डोळ्यांपुढे आणून बघितली, एकोणीस मोऱ्या, कोरड्या.

"तुझं आता काय होईल?" तिने विचारलं.

"मला या अभ्यासातून बाजूला करतील."

"चूक माझी आहे. त्यांना सांगते मी."

"नाही, आई. भाऊ म्हटल्यावर मी त्याची जबाबदारी दुसऱ्या डॉक्टरकडे द्यायला हवी होती. आणि सिस्टर वाटी तुझ्या हातात देतात, हे दिसत होतं मला. दोनदा पाहिलं होतं. म्हटलं, जाऊ दे, आईच आहे." ती उठली. हातमोजे काढून तिने डब्यात टाकले. "अभ्यास थांबणार नाही बहुतेक. गोळी घेतलीच नव्हती, म्हणजे ती नापासही नाही. मी तीनला जाऊन सांगेन."

दारापाशी ती थांबली, पण मागे वळली नाही.

थोरला वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांना रंग आला, चौथ्या दिवशी त्याला वरच्या मजल्यावर हलवलं, आणि सहाव्या दिवशी शिरेतलं औषध बंद करून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. निदान सहा महिने घ्यायची होती. सून त्याच्या उशाशी बसत होती आणि मास्तरीण पायथ्याशी. जागा कुणी वाटून दिल्या नव्हत्या. सून तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होती, तेही थोरल्याच्या मार्फत. "आईंना विचारा, चहा हवाय का." थोरला इमानाने विचारत होता.

शालीची किनार अजून उसवलेलीच होती. दोरे लोंबत होते. ज्या बाईने कुणाच्या सदऱ्याचं बटण तिरकं दिसलं तर रस्त्यात थांबवून लावून दिलं, ती सहा दिवस ते दोरे तसेच घेऊन बसली होती.

खाटेच्या वर भिंतीवर एक नवा कागद चिकटवला होता. प्रत्येक खाटेच्या वर होता. मास्तरणीने तो अक्षर लावून वाचला. 'औषध रुग्णाच्याच हातात द्यावे. नातेवाइकांकडे ठेवू नये.' आपण केलेला नियम तिने आजवर पुष्कळ जणांना पाळायला लावला होता. आपल्यामुळे झालेला नियम तिने पहिल्यांदाच बघितला.

आठ वाजता तीच सिस्टर वाटी घेऊन आली. तिच्या मागे नव्या डॉक्टरबाई होत्या, अभ्यासाची वही घेऊन. आणि त्यांच्याही मागे, दारात, बारकी. अंगात कोट नव्हता, साधे कपडे होते. दुसऱ्या विभागात जायच्या आधी भावाला बघायला आली होती.

सिस्टर खाटेच्या पायथ्याशी अडखळली. सवयीने तिचा हात मास्तरणीकडे थोडा वळला होता. मास्तरणीने दोन्ही हात मागे घेतले आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरले.

"त्याला द्या," ती म्हणाली.

थोरल्याने गोळी जिभेवर ठेवली, सुनेने पेला पुढे केला, तो पाणी प्यायला. "पेपरमिंट बरं होतं," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. बारकीच्या ओठांचा कोपरा मात्र हलला.

"जीभ दाखव," मास्तरीण म्हणाली.

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"दाखव."

त्याने जीभ बाहेर काढली. ती खुर्चीतून उठली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून बघितलं. जीभ वर करायला लावली, खाली बघितलं. मग सरळ झाली आणि नव्या डॉक्टरबाईंकडे न बघता दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघत म्हणाली,

"लिहा. आठ वाजून पाच मिनिटं. घेतली. मी पाहिली."